भागोजी तांडेलाने न नेलेला पियानो

रावजीचा मचवा रेवसच्या खाडीत जप्त होऊन पडला होता आणि मुंबईला जाता-येता भागोजी तांडेलाला तो दिसत असे. त्यातल्या काथ्याच्या गठ्ठ्यांत घड्याळं आणि सोन्याची बिस्किटं निघाली होती. गठ्ठ्यांत काय आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, असं रावजीने कोर्टात सांगितलं आणि कोर्टाला ते पटलं. माणूस सुटला, मचवा सुटला नाही. आता रावजी दुसऱ्याच्या होडीवर जाळी ओढायला जात होता.

भागोजी थळचा. त्याचा मचवा मालवाहू, बायको केसरच्या अंगावरचे दागिने मोडून बांधलेला. रावजीचं प्रकरण झाल्यापासून तो कांद्याच्या पोत्यातही कोपरापर्यंत हात घालून बघे. बाजारात मासळी विकताना केसरला बायकांची बोलणी खावी लागत. "तुजा न्हवरा पोटुशी बाईला बी मचव्यात घेताना इचारंल, आत काय हाय म्हणून," असं एकीने तिला तोंडावर म्हटलं होतं. केसर हसली नाही. दागिने तिचे होते.

सत्तावन्न सालच्या थंडीत किहीमच्या केशवजी शेठने त्याला बोलावलं. शेठने नारळीच्या बागेतल्या बंगल्यात चित्रांचं संग्रहालय काढलं होतं आणि आता शेठचा वाढदिवस होता. त्यासाठी मुंबईहून मिस गोदिन्हो नावाची बाई पियानो वाजवायला येणार होती. पियानो भाऊच्या धक्क्यावरून आणायचा आणि कार्यक्रम झाल्यावर परत पोचवायचा. भागोजीने भाडं सांगितलं. शेठने घासाघीस न करता मान डोलावली. भागोजीला पहिली शंका तिथेच आली.

दुसरी शंका धक्क्यावर आली. भागोजीला बाजा ठाऊक होता तो भजनातला. काखोटीला मारून एक माणूस तो देवळात नेतो. इथे फळ्या ठोकून बंद केलेलं खोकं उचलायला हमालांची टोळी लागली आणि ते आत ठेवल्यावर मचवा चांगलाच पाण्यात बसला. भात्याच्या हवेवर वाजणाऱ्या बाजाला एवढं वजन कशाला हवं, याचं उत्तर त्याला सापडलं नाही. माल मात्र त्याने बिनबोभाट किहीमच्या वाळूवर उतरवला, कारण त्याला खरी भीती जातानाची होती. सोनं मुंबईहून इकडे येत नाही. ते आखाती गलबतांतून या किनाऱ्याला लागतं आणि इथून मुंबईला जातं. एका संध्याकाळसाठी एवढं धूड आणायचं आणि लगेच परत न्यायचं, यात दुसरा अर्थ काय असणार?

मुनीम म्हणाला, पियानो भाड्याचा आहे. लग्नाला भाड्याची भांडी आणतात हे भागोजी समजू शकत होता. पण बाजा आणि तोही वाजवणाऱ्या बाईच्या मालकीचा नाही, हे त्याच्या गळी उतरेना.

कार्यक्रमाला तो धुतलेली बंडी घालून गेला आणि दाराशी उभा राहिला. भिंतींवर चित्रं होती. खुर्च्यांवर मुंबईची पाहुणेमंडळी बसली होती. भागोजीची नजर त्या काळ्या लाकडावरून हलली नाही. पावसाळ्यानंतर मचवा पाण्यात लोटण्याआधी तांडेल हातोडीने एकेक फळी ठोकतो. धड फळी खणखणते. कुजलेली किंवा पाणी प्यालेली फळी बद्द बोलते. मिस गोदिन्होने डाव्या हाताने खालचे सूर लावले आणि ते सबंध दालनभर घुमले, अगदी भागोजीच्या पायाखालच्या फरशीपर्यंत. आत काही कोंबलेलं नव्हतं. निदान आज नव्हतं. बाईने काय वाजवलं ते त्याला कळलं नाही आणि त्याची त्याला गरजही नव्हती.

परतीच्या दिवशी ओहोटीला मचवा वाळूवर कलून बसला होता. बैलगाडीने खोकं आणलं. ते रात्रभर बंगल्यात होतं, मुनीम आणि गडी यांच्या ताब्यात. भागोजीने आपल्या माणसांना गाडीला हात लावू दिला नाही. खोकं उघडा आणि बाजा वाजवून दाखवा, मग चढवतो, असं त्याने सांगितलं.

केशवजी शेठ लाल झाला. आपल्या घरी गव्हर्नरसाहेबाचे पाहुणे जेवून जातात आणि एक कोळी आपली झडती घेतो, हे त्याने निरनिराळ्या शब्दांत तीनदा सांगितलं. शेठ जितका तापत होता तितकी भागोजीची शंका पक्की होत होती. शेवटी मिस गोदिन्होच म्हणाली, काढा फळ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

फळ्या निघाल्या. उभ्या उभ्याच तिने कालचे खालचे सूर वाजवले. समोर समुद्र, मागे सुरूची झाडं, मध्ये मोकळी वाळू. काल घुमलेले सूर आज जागच्या जागी पडले. बारीक आणि कोरडे.

भागोजीने मान हलवली. "काल असा न्हवता बोलत."

"काल भिंती होत्या," मिस गोदिन्हो म्हणाली. "उघड्यावर आवाज विरतो, तांडेल."

"आमी मचवा उघड्यावरच ठोकतो, बाय."

तिने वरचं झाकण उचलून दाखवलं. तारा होत्या, लोखंडाची चौकट होती. भागोजीने वाकून पाहिलं. तळाशी एक रुंद फळी होती. ती काढायला त्याने सांगितलं. त्यासाठी मुंबईचा कारागीर लागेल, बाई म्हणाली. एवढं बोलणं झाल्यावर भागोजी मचव्याकडे वळला आणि नांगराचा दोर आवरू लागला.

"अरे, बाकी भाडा पण नाय भेटणार तुला," शेठ मागून म्हणाला. "ने म्हणतो ना!"

"न्हाय नेत."

पियानो वरसोलीच्या सदूने नेला. सदूचा मचवा जुना होता आणि त्याला शेठचं काम हवंच होतं. धक्क्यावर कस्टमवाल्यांनी खोकं उघडून पाहिलं आणि जाऊ दिलं. भाड्याने देणाऱ्या दुकानात पियानो धडपणे पोचला. त्या दिवसापासून बंगल्याची कौलं, आंब्याच्या पेट्या, पाहुण्यांचं सामान, सगळं सदूकडे गेलं. भागोजीला रेवदंड्याची सुपारी आणि मिठाची पोती उरली. तो पावसाळा केसरने सुक्या मासळीवर काढला आणि त्याबद्दल नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. थळच्या तरुण पोरांनी मात्र त्याचं नाव बाजावाला पाडलं.

पुढे अलिबागच्या बाजारात सदू भेटला तेव्हा त्याने पाठीवर थाप मारून सगळी हकीकत ऐकवली. कस्टमचे तिघे होते, त्यांनी बॅटरी मारून आत पाहिलं, काही म्हणजे काही निघालं नाही. तू फुकट हातचं काम घालवलंस, सदू म्हणाला.

भागोजीने विचारलं, "खालची फली काडली व्हती काय त्यांनी?"

सदूला आठवेना. मग म्हणाला, न्हाय, ती कशाला काढतील.

भागोजीने टोपली उचलली आणि तो मचव्याकडे निघाला.