मंगळावर "होऊ द्या" कोण म्हणणार?

कसबा बावड्याच्या बस स्टॉपवर दुपारी एक काका डबा खायचे. नाव मला माहीत न्हाय. झाकण उघडलं की शेजारी असंल त्याला म्हणायचे, "या पावणं, जेवायला." आपण "होऊ द्या" म्हणलं, की मगच भाकरी मोडायचे.

एकदा मी त्यांना माझी कादंबरीच सांगत बसलो. मंगळावर एकटाच राहिलेला माणूस. बर्फापासून पाणी, पाण्यापासून ऑक्सिजन, काचेच्या घुमटात भाजी, सगळं एकदम विज्ञानाला धरून. काका डबा मांडीवर तसाच ठेवून ऐकत होते.

"आणि जेवतोय कसा त्यो?"

"घुमटातली भाजी खातोय की."

"तसं न्हवं. 'होऊ द्या' कोण म्हणतंय त्याला?"

मी हसलो. "काका, तिथं कोणच न्हाय."

"मग घास उतरत नसंल बघ. माझं घर हितं मागंच हाय. तरी डबा घिऊन स्टॉपवर येतोय न्हवं मी."

तेवढ्यात माझी बस आली. मी चढलो, खिडकीशी बसलो. खाली काकांनी झाकण उघडलं आणि दोन्हीकडं बघितलं. स्टॉपवर कोणच न्हवतं.

"होऊ द्या, काका," मी खिडकीतनं ओरडलो.

त्यांनी भाकरी मोडली. मंगळावरच्या माझ्या माणसाचा घास मात्र अजून हातातच हाय.