औंढ्याच्या घराची उत्तरेची भिंत

औंढ्याच्या घराची उत्तरेकडची भिंत लोड-बेअरिंग नव्हती. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. लोड-बेअरिंग म्हणजे छताचं वजन पेलणारी. या घराचं वजन काँक्रीटच्या कॉलमवर होतं. भिंत नुसता आडोसा.

घर शिरीषचं, आराखडा माझा. शिरीष चित्रकार, माझा कॉलेजपासूनचा मित्र. राहणं आणि स्टुडिओ एकाच मोठ्या खोलीत, वर झोपायला माळा. त्याने एकच गोष्ट मागितली होती, उत्तरेला मोठी खिडकी. तिकडचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. मला मात्र रस्त्यावरून दिसणारी सलग, कोरी भिंत हवी होती आणि सगळी काच पश्चिमेला, डोंगराकडे. फोटो चांगले येतात.

"ती भिंत लोड-बेअरिंग आहे. खिडकी नाही निघायची," मी म्हणालो. त्याने मान डोलावली. फोटो मासिकात छापून आले.

दोन वर्षांनी त्याचा फोन. "ब्रश वाटून टाकतोय. डोळे गेले माझे. इथे बरोबर वाटलेलं चित्र पुण्यात नेलं की निळंच निळं."

मला तिथेच कळलं. दुपारनंतर पश्चिमेच्या काचेतून पिवळं ऊन आत येतं. त्यात निळा कमी वाटतो, म्हणून हा जास्त घालत होता. डोळ्यांचा काही दोष नव्हता. तरी मी म्हणालो, "वय झालं रे आपलं."

आठ दिवस काढले. मग कान्हे गावच्या दगडूभाऊंना घेऊन गेलो. घर त्यांनीच बांधलेलं.

"भाऊ, इथे खिडकी काढायची. जमेल?"

"न जमाया काय झालं? तवाच म्हनलो हुतो, हितं खिडकी ठिवा. तुमी कुटं ऐकताय!"

शिरीष शेजारीच उभा. "अरे, पण छताचं काय?"

"केलीय सोय," मी म्हणालो.

दगडूभाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "व्हय, सायबांनी लय मोठी सोय केलीया," म्हणाले आणि घण उचलला.

खिडकी बसल्यावर शिरीषने जुनं चित्र तिच्यासमोर धरलं. "बाप रे, केवढं निळं!" म्हणत हसतच सुटला. "डोळे शाबूत आहेत रे माझे!"

आता तो रोज काम करतो. आल्यागेल्याला कौतुकाने सांगतो, मित्राने माझ्यासाठी छताचा भार हलवला.

धडा साधा आहे. चित्रकाराचं घर उजेडापासून आखावं, फोटोपासून नाही.

भार मी हलवलेला नाही. तो त्या भिंतीवर कधी नव्हताच. हे शिरीषला समोर बसून सांगणं अजून राहिलंय. तेवढं मी त्याचं देणं लागतो.