दत्तोबांना पाठ असलेला घाट

कात्रजच्या दत्तोबांना घाट पाठ होता. एकोणतीस वर्षे ते रात्रपाळीला, सोजरबाईंनी हातात दिलेला डबा घेऊन, दुधाचा टँकर जुन्या घाटाने पलीकडे नेत आणि पहाटे भरून आणत. प्रत्येक वळणाला त्यांनी नाव ठेवलं होतं. न सांगता अंगावर येणारं ते सासूचं, आणि लांबून सोपं दिसून मध्यावर आवळत जाणारं ते लग्नाचं. ही नावं ते बायकोसमोर खुशाल घेत. सोजरबाई ऐकून घेत आणि भाकऱ्या थापत राहत.

नियम मात्र कडक. चढणाऱ्याला आधी वाट, चढायच्या गिअरातच उतरायचं, समोर गाडी दिसली की दिवे खाली. नव्या ड्रायव्हरांना ते हे इतकं ऐकवत, की पोरं त्यांना पाहून अर्धा चहा टाकून उठत. पण त्यांच्या गाडीला कधी ओरखडा नव्हता हेही खरं. दिवाळीनंतर तीस वर्षे पुरी होणार होती आणि डेअरीत शाल-श्रीफळ ठरलं होतं. शाल कोणत्या रंगाची हवी, तेही दत्तोबांनी साहेबांना सुचवून ठेवलं होतं.

अडचण एकच. पावसाळ्यापासून समोरचे दिवे डोळ्यांत फुलबाजीसारखे फुटायला लागले होते. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सोजरबाईंना सांगायची गरजच नव्हती. ताटातली चटणी बोटांनी चाचपणारा नवरा त्या रोज पाहत होत्या.

"अहो, डोळं दावून या."

"कशाला? घाट पाठ हाय मला. झोपंत बी गाडी न्हीन."

"त्याचीच भीती हाय."

चार दिवस हेच चाललं. पाचव्या संध्याकाळी दत्तोबा खाकी शर्ट घालून आतल्या खोलीतून निघाले आणि दिवा गेला.

"थांबा, बॅटरी आणते."

"ऱ्हाऊ दे. घर पाठ हाय मला."

चार पावलं रुबाबात पडली. पाचवं भरलेल्या बादलीत. दत्तोबा आणि बादली दोघेही आडवे झाले. दिवा लागला तेव्हा बटणाशी सोजरबाई उभ्या होत्या.

"बादली कुणी ठिवली हितं?"

"म्या. घर पाठ हाय नव्हं? घाटात कुणाचा ट्रक बंद पडला, तर त्यो बी पाठ असंल का?"

दत्तोबा ओल्या पँटीनिशी तसेच बसून राहिले. आधी राग आला, मग लाज वाटली. मग मात्र खरीखुरी भीती वाटली. आठच दिवसांपूर्वी, सासूच्या वळणावर, बंद ट्रकमागे लावलेले दगड त्यांना अगदी चाकाशी आल्यावर दिसले होते. हे त्यांनी आता बायकोला सांगितलं. सोजरबाईंनी भरलेला डबा परत फडताळात ठेवला. त्या रात्री टँकर नव्या ड्रायव्हरांपैकी संपतने नेला.

तपासणीत मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होईपर्यंत दिवाळी गेली आणि शालही लांबली. अखेर डॉक्टरांनी रात्री गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. दत्तोबांनी तो कागद सोजरबाईंपुढे धरला. त्यांनी तो घडी घालून देवामागे ठेवला.

पहिल्या पाळीच्या संध्याकाळी दत्तोबा खाकी शर्ट घालून निघाले आणि दिवा गेला. ते उंबऱ्यातच थांबले. खिशातून बॅटरी काढून लावली, वाटेतली बादली उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली.

तेव्हा कुठे सोजरबाईंनी डबा हातात दिला.