विषयाबाहेरची नदी

लहरीपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात ती मुलगी मला रोज दिसायची. चपलांना विश्वामित्री नदीचा चिखल, पिशवीत त्याच नदीच्या पाण्याच्या बाटल्या आणि काठावरच्या बायकांच्या मुलाखतींची वही. परवा तिने पीएचडीचा परत आलेला प्रस्ताव काउंटरवर आपटला. रसायनवाले म्हणाले होते, हे समाजशास्त्र. समाजशास्त्रवाले म्हणाले, हे रसायन.

"काका, पुराचं पाणी घरात शिरतं ते डिपार्टमेंट विचारून शिरतं का?" ओढणीने बाटली पुसत तिने मला विचारलं.

माझं डोकंच फिरलं. कोण हे टिकोजीराव? पोरीला असं दारोदार फिरवायला लाज नाही वाटत? मी तावातावाने शेवटचं पान उलटलं. 'विषयाबाहेर' या शेऱ्याखाली माझ्याच जुन्या विद्यार्थ्याची सही होती. निवृत्त होण्याआधी तीस वर्षं प्राध्यापकी केली मी. हा शेरा मारायला त्याला मीच शिकवलं होतं.