चोरलला नेलेले दोन चाकू

सगळ्यात आधी टपकली ती समोरची वर्मा भाभी, हातात रिकामी वाटी घेऊन. विरजण पाहिजे म्हणाली, पण डोळे सगळे आमच्या बैठकीत. तिला कुणीतरी सांगितलेलं, की माझी नात पुण्याहून इंदूरला आली ती चाकू विकत घ्यायला. हळूच म्हणते कशी, "अम्माजी, घर में सब ठीक तो है ना?" मी सांगितलं, सगळं ठीक, पोरगी पहाडात फिरायला चालली आहे. हे ऐकून तिला जास्तच काळजी वाटली. खरं सांगते, मलापण.

केतकी माझ्या मुलाची, शिरीषची मुलगी. ती आणि तिची मैत्रीण ऋचा, दोघीच पंधरा दिवस तंबू घेऊन उत्तराखंडात चालणार होत्या. शिरीष नाही म्हणून म्हणून थकला. शेवटी बोलला, आजीबरोबर एक रात्र तंबूत राहून दाखवा, ती हो म्हणाली तर जा. म्हणजे फैसला आला माझ्या डोक्यावर. पोरी आल्या म्हणून मी इतकी खुश, की भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. पण मनात ठरवलेलं, नाहीच म्हणायचं. फक्त एखादं कारण सापडायला पाहिजे होतं.

जंगलात नेतात तो चाकू घडीचा नसतो. पातं आणि मूठ पक्की, वर म्यान. हे मला केतकीनं मल्हारगंजच्या गल्लीत चालता चालता शिकवलं. तिकडे अकराच्या आत गेलात तर दुकानं बंद, बारानंतर गेलात तर पाय ठेवायला जागा नाही. स्कूटी लांब लावा.

दुकानदारानं पाच-सहा चाकू काढले. केतकीनं उचलला तो अगदी साधा. चार बोटं पातं, लाकडी मूठ, तीन खिळे ठोकलेले, आणि मुठीच्या कडेनं बघितलं तर लोखंड पार शेवटपर्यंत गेलेलं. मला तो आंबे कापायचा वाटला. मी बोट दाखवलं दुसऱ्याकडे. काळा कुळकुळीत, पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ, तिच्यात काडीपेटी आणि सुई-दोरा, झाकणावर दिशा दाखवणारी सुई. सुई-दोऱ्याची सोय मला फारच आवडली. बटण तर कुठेपण तुटतं. आणि मुख्य म्हणजे तो बघूनच धडकी भरत होती.

"हाच घे," मी म्हटलं. "कोणी अंगावर आलं तर नुसता दाखवला तरी पळेल."

"आजी, चाकू माणसांसाठी नाही गं. लाकडासाठी, दोरीसाठी."

"का, पहाडात माणसं नसतात?"

दुकानदार बिचारा सांगत होता, माताजी, काम का तो बिटिया के हाथ वाला है, ये शोकेस का माल है. मला वाटलं, हलका माल आमच्या गळ्यात मारतोय. काळा दुप्पट महाग होता तरी मीच हट्टानं पैसे दिले. केतकीनं साधापण घेतला, माझ्या समोर, माझ्याशी न भांडता. दुकानदार म्हणाला बिल सांभाळा, आणि विमानानं गेलात तर हातातल्या बॅगेत नेऊ नका. हे तुम्हीपण लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबू घेऊन चोरलला निघालो. खंडवा रोडनं सिमरोलपर्यंत मजेत गेलो, शेव-परमलची, म्हणजे शेव-मुरमुऱ्यांची थैली माझ्या मांडीवर. पुढे घाटात रस्त्याचं काम, समोरून ट्रक, आणि गाडी चालवायला ऋचा, जी वळणावरपण गप्पा मारते. मी डोळे मिटून घेतले. दीड तास म्हणतात, आम्हाला अडीच लागले. चोरल नदीच्या काठाला एका शेतकऱ्यानं वावरात तंबू लावायला जागा ठेवली आहे. संडास पक्का आहे, हे बायकांनी आधी विचारून घ्यावं. त्याच्या बायकोनं बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, आणि दाल खिलवली, इतकी छान, की मी तिला डाळीत काय घातलं ते तीनदा विचारलं. तिनं तीनदा वेगळं सांगितलं. रात्री मी झोपले नाही, एवढंच लिहिते.

सकाळी चहाला चूल पेटेना. लाकडं दवानं ओली. केतकी म्हणाली, आतलं लाकूड कोरडं असतं, उभं चिरलं की पेटेल. लाकडाच्या डोक्यावर पातं ठेवायचं आणि वरून दांडक्यानं ठोकायचं. तिनं काळा चाकू घेतला. मला बरं वाटावं म्हणूनच घेतला असणार. मी बाजूला खुर्चीत बसलेली. तिसऱ्या ठोक्याला कट् असा आवाज झाला आणि तिच्या हातात राहिली नुसती मूठ. पातं कुठे उडालं ते कोणालाच दिसलं नाही.

ऋचा उठायला लागली.

"कोणी हलू नका," केतकी म्हणाली. आवाज चढवला नाही. "आजी, पाय आहेत तिथेच ठेव."

पहिल्यांदा तिनं स्वतःची बोटं उघडून बघितली. मग ऋचाचे हात. मग माझे पाय. मग जागेवरूनच गवत न्याहाळत गेली, सावकाश, शेतात पडलेली अंगठी शोधावी तसं. पातं माझ्या खुर्चीच्या पायाशी होतं, टाचेपासून वीतभर. तिनं ते जाड टॉवेलात गुंडाळलं, डब्यात घातलं, झाकण लावलं. तेव्हा कुठे म्हणाली, आता उठा. आणि स्वतः मात्र डबा मांडीवर घेऊन मातीत बसून गेली.

मी मूठ उचलून आत बघितलं. पात्याची शेपटी एवढीशी, नखाएवढी, एका स्क्रूवर अडकवलेली. आता काय सांगू तुम्हाला. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, पण विळी मला कळते. लग्न झाल्यापासून जितक्या विळ्या घेतल्या, तितक्या दुकानात पाट उलटा करून बघितल्या, पातं पाटात किती खोल गेलंय ते. धार नंतरपण लावता येते. बूड कच्चं असेल तर विळी एक दिवस हात घेऊन जाते. हे माझ्या सुनेला मी शिकवलं. आणि इथे मी बघितलं काय, तर सुई-दोरा. घाबरलेली होते ना, म्हणून जो जास्त भीती दाखवेल तो घेतला.

"चूक माझी," मी केतकीला म्हटलं.

"हो, तुझीच," ती म्हणाली, आणि हसायला लागली. मग साध्या चाकूनं लाकूड चिरलं, सालीसारखे पातळ छिलके काढले, चूल पेटली. चहाला धुराचा वास होता. मी दोन कप प्यायले.

तर तुम्ही घ्याल तेव्हा लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत आहे का ते बघा. मूठ ओल्या हातात धरून बघा, सरकते का. फार लांब पातं नको. आणि घरच्या भित्र्या माणसाला दुकानात नेऊ नका.

फोनला रेंज वरच्या रस्त्यावर मिळते. मी शिरीषला लावला. केतकी मुद्दाम लांब जाऊन उभी राहिली, पाठ करून. माझ्याकडे आता कारण होतं, डब्यात बंद करून ठेवलेलं. मी त्याला सगळं सांगितलं, चाकू मी घेतला इथपासून पातं माझ्या टाचेशी पडलं इथपर्यंत.

"मग नाहीच ना आई?" तो म्हणाला.

मला नाही म्हणायचं होतं. तोंडात आलेलं होतं.

"जाऊ दे तिला."

"मनापासून सांगतेस?"

"मनापासून नाही. बघून सांगते."

तो म्हणाला, चाकू कुठला नेतेय ते विचार.

आता घरी येऊन आठवडा झाला. पोरी पहाडात पोहोचल्या. सकाळ-संध्याकाळ एक निरोप येतो, आणि तो येईपर्यंत मला भाजी निवडता येत नाही. सून, केतकीची आई, फोनवर म्हणते, तुम्हीच हो म्हणालात. मी म्हणते, हो, म्हणून तर. तिकडे पाऊस आहे का, हे मी तिला फोनवर दिवसातून चारदा बघायला लावते. ज्या गावाचं नाव मला नीट बोलता येत नाही, तिथली थंडी मला आता पाठ आहे.

निघताना दोघी पाया पडल्या. मी आशीर्वाद दिला नाही, आधी विचारलं, परत कधी. केतकी म्हणाली, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीनं, दोघी, थेट इथेच. कॅलेंडरच्या त्या चौकोनात मी माझ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे.