मोहाखाली लपवलेला डबा

जिओकॅशिंग म्हणजे मोबाईलवर जागा बघून दुसऱ्यानं लपवलेला डबा शोधायचा आणि आतल्या वहीत सही ठोकायची. मी नुसते डबे शोधतो, लपवत नाही, म्हणून मित्र मला फुकट्या म्हणतात. त्यांचं काय जातं म्हणायला! एकदा सिंदेवाहीजवळ मोहाखालच्या पाचोळ्यात मीही लपवला होता, घरातला स्टीलचा डबा. मोहफुलं वेचण्याआधी बाया तो पाचोळा झाडून काढतात, हे मी विसरलो. आणि डब्यावर आमचं नाव-गाव कोरलेलं आहे, हेही. दुसऱ्याच दिवशी वेचणारी एक बाई दारात हजर. "भाऊ, तुम्ही डबा जंगलात विसरून आले ना जी!"

डबा घासून लख्ख केला होता. रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून आत मोहफुलं भरली होती.

लोकांच्या इतक्या डब्यांत मी आजवर सहीशिवाय काही ठेवलेलं नाही.