धराबाईंचा पहिला प्रश्न

बाई माझ्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला आल्या तेव्हा त्यांना जनावरांचा अनुभव शून्य होता. पहिल्याच दिवशी टेबलावर एक दांडगा कुत्रा होता, मी त्याच्या कानात औषध घालत होतो आणि दर अर्ध्या मिनिटाला ओरडत होतो, "धरा, बाई! अहो, धरा, बाई!" बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना वाटलं, हेच त्यांचं नाव. तेव्हापासून एकवीस वर्षं त्या धराबाई. मीसुद्धा खरं नाव विसरल्यासारखाच झालोय.

नाव पडलं ते चुकून, पण काम तेच होतं. कुत्र्याची मान काखेत कशी घ्यायची, मांजराला टॉवेलात कसं गुंडाळायचं, पोपट मुठीत घेताना छातीवर दाब का द्यायचा नाही, हे सगळं त्या ओरखडे खात शिकल्या. दोन्ही मनगटांवर पांढऱ्या रेघा आहेत. गुडघे गेलेत. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून घरी त्यांना उठवा, बसवा, कूस वळवा, हेही बाईंच्याच अंगावर. एकदा गुडघ्याला मलम चोळता चोळता म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचे पेशंट निदान चावून मोकळे होतात. आमचे हे नुसते बघत राहतात." हसल्या, पण ते हसणं अर्ध्यातच दमलं.

दवाखान्याचा फोन त्यांच्याकडे असतो. मी पुष्कळदा कुणाच्या तरी घरी गेलेलो असतो, आणि लोकांना तर आत्ताच्या आत्ता उत्तर हवं असतं. बाई औषध कधीच सांगत नाहीत. त्या फक्त प्रश्न विचारतात. एका बाईंचा फोन आला, कुत्रं दोन दिवस जेवत नाही, उन्हाने असेल.

"हिरड्या बघा," धराबाई म्हणाल्या. "गुलाबी आहेत का पांढऱ्या?"

"अहो, कुत्र्याच्या हिरड्या कशाला बघू?"

"मग कुणाच्या बघणार?"

हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या निघाल्या. गोचिडांचा ताप होता, रक्त निम्म्यावर आलं होतं. कुत्रं वाचलं ते त्या एका प्रश्नामुळे.

तर त्या दिवसाची गोष्ट. सकाळी एका कुत्र्याने मोजा गिळला होता. दीड तास बाई त्याला धरून उभ्या होत्या. मग मी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक कुत्री विताना अडली होती तिकडे गेलो. दुपारचा एक वाजला होता. बाईंनी फरशी पुसली, शटर अर्धं ओढलं आणि फोन वाजला.

तीन गल्ल्या पलीकडचा शिंपी. "मांजराला बद्धकोष्ठ झालंय. सकाळपासून वाळूत जाऊन कुंथतंय. एरंडेल पाजलंय. अजून काय देऊ?"

"मांजर की बोका?"

"बोका आहे. बॉबिन."

"लघवी कधी केली त्याने?"

शिंप्याला वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नाही. "अहो, संडासची तक्रार आहे."

"ते मला कळलं. वाळू ओली आहे का कोरडी, तेवढं बघा."

मशीन थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "कोरडी. पण काल रात्री दोन-चार थेंब दिसले होते फरशीवर."

"ओरडतो का?"

"सकाळी ओरडत होता. आता गप्प पडलाय. बरं वाटत असेल."

"बरं वाटत नाहीये त्याला. आत्ता घेऊन या. डॉक्टरांना मी बोलावते."

"आत्ता कसं जमेल? तीनला गिऱ्हाईक येणार, कोटाच्या बाह्या लावायच्यात. उद्या सकाळी आणतो ना."

बाईंनी फोन ठेवला. मला फोन करून एवढंच म्हणाल्या, "बोका तुंबलाय. या." आणि चपला घालून निघाल्या.

तीन गल्ल्या म्हणजे तुम्हाआम्हाला दहा मिनिटं. बाईंना वीस लागली, मध्ये एका ओट्यावर टेकावं लागलं. दुकानात शिरल्या तेव्हा शिंपी तोंडात टाचण्या धरून बाही जुळवत होता. बॉबिन टेबलाखाली, चिंध्यांची गादी सोडून थंड फरशीवर पोट टेकून पडलेला. बाई खाली बसल्या, म्हणजे भिंत धरून धरून कशाबशा बसल्या, आणि बोटांच्या टोकांनी त्याचं पोट चाचपलं. मूत्राशय लिंबासारखं टणक लागत होतं.

"दाबून बघू का?" शिंपी वाकला.

"हात लावू नका. फुटेल आत." मग शांतपणे म्हणाल्या, "ह्याच्या पोटाचं काही नाही. बोक्यांची लघवीची वाट बारीक असते, लघवीतली रेती अडकली की बंद होते. मांजर कुंथलं की सगळ्यांना संडासच आठवतो. एक दिवस, फार तर दोन, एवढाच वेळ मिळतो. मांजर दुखणं दाखवत नाही, पाहुण्यांसमोर आपण घरातलं भांडण झाकतो ना, तसं. गप्प झालं म्हणजे संपत आलं."

शिंप्याने घड्याळाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. "पण गिऱ्हाईक..."

"तुम्ही शिवा. टोपली द्या, मी नेते."

मी पोचलो तेव्हा बाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या, टोपली मांडीवर, एक हात झाकणावर. उठता येईना. आधी टोपली घेतली, मग त्यांना हात दिला. बोक्याला भूल दिली, बारीक नळी सरकवायला लागलो. वाटेत वाळूसारखं खरखरीत काहीतरी अडकलेलं. बाईंनी डोकं धरलं होतं, डोळे मिटून. अर्ध्या तासाने नळी आत गेली आणि लाल, गढूळ लघवी वाटीत उतरली. सलाईन लावलं. संध्याकाळी बोक्याने मान वर केली. शिंपी सहाला आला, "माझ्या एरंडेलाने थोडं सैल झालं असेल," म्हणाला. बाई कपाटाला पाठ टेकून बसल्या होत्या.

तो गेल्यावर मी रागावलो. "ह्या गुडघ्यांनी तुम्ही जायचं काय कारण? त्याला आणायला लावायचं होतं."

त्या म्हणाल्या, "सात वर्षांपूर्वी एका शिक्षिकेचा फोन आला होता. रिटायर झालेल्या, एकट्या. मांजर कुंथतंय म्हणाल्या. तेव्हाही मी शटरच ओढत होते. फार दमले होते. म्हटलं, पोट साफ होत नसेल, उद्या आणा. मी बोका का मांजर एवढंसुद्धा विचारलं नाही. सकाळी त्या आल्या, टॉवेलात गुंडाळून. बोका होता, मेलेला. तुम्ही बघितलं आणि म्हणालात, उशीर झाला. त्यांना वाटलं, उशीर त्यांच्याकडूनच झाला. मला म्हणाल्या, तुम्ही फोनवर किती गोड बोललात, आभारी आहे." बाईंनी पदराने तोंड पुसलं. "मी त्यांना खरं सांगितलं नाही. तुम्हालाही नाही."

मला तो बोका आठवतच नव्हता. तसं म्हणालो असतो तर त्यांना हलकं वाटलं असतं की अजून वाईट, मला ठरवता येईना. मी म्हटलं, "बाई, फोन घ्यायला मी तुम्हाला बसवलं, पण काय विचारायचं ते कधी शिकवलं नाही. तो उशीर माझाही आहे."

"असेल," त्या म्हणाल्या. समजूत पटल्यासारखं काही त्यात नव्हतं.

पाचव्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच शिंपी दारात उभा. बॉबिन छातीशी. "बाई, पहाटेपासून वाळू कोरडी आहे. तीनदा जाऊन आला. काही पाजलं नाही मी." असं पुन्हा तुंबणं होतं कधीकधी. पण ह्या वेळी मूत्राशय नुकतंच भरत होतं आणि नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. बाकावर एक तरुण जोडपं मांजराचं पिल्लू घेऊन बसलं होतं, शिंपी त्यांना समजावत होता, "कोरडं खाणं कमी करा, पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा. आणि माणसाची तापाची गोळी चुकूनही देऊ नका, विष असतं ते ह्यांना." आतल्या खोलीत बाई मला म्हणाल्या, "एवढं सगळं मी त्याला परवा फोनवर सांगितलं. आता स्वतःचंच म्हणून सांगतोय." पहिल्यांदाच त्या दिवसांत मी त्यांना नीट हसताना पाहिलं.

बॉबिन बरा आहे, जाडही झालाय. मी बाईंना म्हटलं, त्या शिक्षिकेला भेटून या, मी येतो बरोबर. त्यांनी आधीच चौकशी केली होती. शिक्षिका दोन वर्षांपूर्वी गेल्या.

त्याच महिन्यात बाईंनी एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. गुरुवारची सुट्टी. त्या दिवशी त्यांची नणंद येते आणि भावाकडे बघते. मी दिली. काही आठवड्यांनी विचारलं, "मग तुम्ही काय करता गुरुवारी?"

"दार लावून झोपते," त्या म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी उठले तर बाहेर संधिप्रकाश. मला कळेना, सकाळ आहे का संध्याकाळ. विचारायला गेले नाही. पुन्हा झोपले."